रजिस्टरातला तिसरा रकाना

२०११ साली मी मालवणात शाळेत होतो. जनगणनेवाले गुरुजी आमच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले आणि आजीला विचारलं, "पुरुष किती, बायका किती?" फॉर्मवर 'इतर' हा पर्यायही होता. देशाच्या जनगणनेत तो पहिल्यांदाच आला होता. गुरुजींनी तो वाचलाच नाही.

पण तृतीयपंथीयांची नोंद सरकारदरबारी त्याआधीही होत होती. मराठेशाहीत हिजड्यांचा ठरावीक गावांत मागण्याचा हक्क दप्तरात नोंदलेला असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारने त्या हक्काचा आधार काढून घेतला.

मग आला १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्यात संशयित हिजड्यांचं वेगळं रजिस्टर होतं. त्यात नाव असलेला माणूस बाईच्या वेशात रस्त्यावर दिसला, तर वॉरंटशिवाय अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद. मूल दत्तक घ्यायचं नाही, मृत्युपत्र करायचं नाही. हे मुख्यतः उत्तर हिंदुस्थानात राबवलं गेलं. आपल्या दशावतारात साडी नेसलेल्या नटाला आपण पहाटेपर्यंत दाद देतो. तिथे त्याच साडीसाठी तुरुंग होता.

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टाने नालसा खटल्यात तिसऱ्या लिंगाला मान्यता दिली. २०१९ ला कायदा झाला. २०२० मध्ये महाराष्ट्रात कल्याण मंडळ आलं आणि केंद्राचं पोर्टलही. ओळखपत्रासाठी ओरोसला कलेक्टर ऑफिसात खेपा घालण्याऐवजी मोबाईलवरून अर्ज करायची सोय झाली.

नोंदीने काय बदलतं? जळगावच्या भादलीत अंजली पाटील यांनी महिला राखीव जागेसाठी भरलेला ग्रामपंचायतीचा अर्ज बाद झाला. जानेवारी २०२१ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना उभं राहू दिलं, आणि त्या निवडून आल्या.

२०११ चा आकडा होता देशात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१. मला तो कमी वाटतो. सगळ्या घराची उत्तरं एकच माणूस देतो, आणि ज्याने घरात काही सांगितलेलंच नाही तो 'पुरुष' किंवा 'स्त्री' मध्येच मोजला जातो. गे, लेस्बियन लोकांसाठी तर रकानाच नव्हता.

गुरुजींना नावं ठेवायला मी मोकळा नाही. माझ्या पहिल्या नोकरीत मी बनवलेल्या फॉर्मलाही दोनच पर्याय होते. कोणी विचारलं नाही, मलाही सुचलं नाही.

म्हणून एकच सांगतो. पुढच्या जनगणनेला कोणी तुमच्या खळ्यात येऊन दोनच पर्याय वाचले, तर म्हणा, "गुरुजी, तिसरो पण वाचा." घरातलं कोणीतरी ऐकत असेल.

भेटूया पुढच्या भागात.