पाळीतील वेदना (कष्टार्तव)

पाळी सुरू होण्याच्या काही तास आधी किंवा पहिल्या दिवशी ओटीपोटात उठणाऱ्या आणि कंबर, मांड्यांपर्यंत उतरणाऱ्या कळा. बहुधा दोन-तीन दिवसांत त्या ओसरतात.

गर्भधारणा झाली नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने उतरते आणि गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते. त्या पेशींतून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू करकचून आवळला जातो, रक्तवाहिन्या आकसतात, स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि कळ येते. हृदयाला रक्त अपुरे पडले की छातीत दुखते, त्यातलाच हा प्रकार. हीच रसायने आतड्यांवरही काम करतात. म्हणून कित्येकींना त्या दिवशी मळमळते, जुलाब होतात. पाळीच्या स्रावात स्नायू आवळणारे द्रव्य असल्याचे ब्रिटिश शास्त्रज्ञ पिकल्स यांनी १९५७ मध्ये दाखवले. तोवर बायकांच्या ‘नाजूक मना’वर खापर फोडणारे डॉक्टर कमी नव्हते.

“पहिलं वर्षभर काही नव्हतं, आताच कसं दुखायला लागलं?” असे आया विचारतात. सुरुवातीच्या बऱ्याच पाळ्यांत बीजांड सुटत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनचा हा चढउतारही नसतो. चक्र स्थिरावले की कळा सुरू होतात. मुलगी ढोंग करत नसते.

औषधांच्या दुकानात सर्रास मागितली जाणारी मेफेनॅमिक आम्लाची गोळी प्रोस्टाग्लँडिन तयार होणेच रोखते. त्यामुळे दुखणे शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच, काही खाऊन घेतलेली बरी. अल्सर, मूत्रपिंडाचा विकार किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच. अंगावर पुरळ आणि ताप आणणाऱ्या या गोळीच्या एका दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामाबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये सावध केले होते. गरम पाण्याची पिशवी हा जुना उपाय चाचण्यांतही उपयोगी ठरला आहे.

मात्र तिशीत नव्याने सुरू झालेले, वर्षागणिक वाढणारे, पाळीनंतरही रेंगाळणारे किंवा शरीरसंबंधाच्या वेळी होणारे दुखणे वेगळे. त्यामागे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे), गर्भाशयाच्या गाठी किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रियांना एंडोमेट्रिओसिस असतो. “लग्न झालं की थांबेल” या घरगुती निदानापायी त्याची तपासणी वर्षानुवर्षे लांबते.

या दुखण्याची सरकारी दखल अलीकडे बंगळुरूत घेतली गेली. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी कर्नाटकच्या मंत्रिमंडळाने महिन्याला एक, वर्षाला १२ भरपगारी पाळीरजांचे धोरण मंजूर केले. बिहारने सरकारी नोकरीतल्या स्त्रियांना १९९२ मध्येच महिन्याला दोन दिवसांची रजा दिली होती. कर्नाटकाने खासगी क्षेत्रही धरले, म्हणजे आयटी कंपन्यांबरोबर पीण्या या औद्योगिक भागातले कपड्यांचे कारखानेही. हॉटेलमालकांची संघटना त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. धोरणातली वैद्यकीय दाखला न मागण्याची अट शहाणपणाची. कळ कागदावर सिद्ध करता येत नाही. पण रजेने निदान होत नाही, हेही खरे. शिवाय हे धोरण लागू करणारा नोव्हेंबर २०२५ चा आदेश कारखाने, दुकाने अशा नोंदणीकृत आस्थापनांपुरता आहे. शहरात घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बायका त्यात येत नाहीत.