एका फळीची कुळकथा

डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तीत गरीबखान्यातील नऊ वर्षांच्या एका अनाथ पोरास ‘बोर्डा’पुढे उभे करून वंदन करावयास फर्माविले जाते. बोर्ड म्हणजे समोर बसलेले आठदहा लठ्ठ गृहस्थ, हे त्या बिचाऱ्यास काय ठाऊक! त्यास दिसते ते टेबल. तो त्यालाच मान लववितो. वाचक हसतो खरा. परंतु शब्दाचे कूळ पाहिले तर पोराचे फारसे चुकले नाही.

जुन्या इंग्रजीत ‘बोर्ड’ म्हणजे लाकडाची फळी. मध्ययुगात मोठमोठ्या सरदारांच्या वाड्यांतही जेवणाची टेबले बहुधा कायमची नसत. लाकडी घोड्यांवर फळ्या टाकावयाच्या आणि पंगत उठली की काढून ठेवावयाच्या, अशी रीत होती. साहजिकच फळीचे नाव टेबलास मिळाले आणि पुढे टेबलावरील अन्नासही. आपल्याकडे ‘पान वाढले’ म्हणताना केळीचे पान मनात असतेच असे नाही, त्यातलाच हा प्रकार. पैसे देऊन परक्या घरी जेवणारा तो ‘बोर्डर’; विद्यार्थ्यांचे ‘बोर्डिंग’ही त्याच चुलीवरचे. पेले मांडावयाची फळी ती ‘कबर्ड’. तिचे पुढे कपाट झाले. जुगाऱ्याने हात टेबलाच्या वर, सर्वांच्या नजरेसमोर ठेवावे, यावरून चोख व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’ ठरला.

जहाजाची बाजू हीदेखील बोर्डच. सुकाणूचे वल्हे उजव्या अंगास असे, म्हणून ती ‘स्टारबोर्ड’. डावी ती ‘लारबोर्ड’. वाऱ्यावादळात ही दोन नावे कानास सारखीच लागत! अखेर १८४४ साली ब्रिटिश आरमाराने डाव्या बाजूस ‘पोर्ट’ म्हणण्याचा हुकूम काढला.

जेवणाच्या टेबलाप्रमाणेच मसलतीचे टेबलही बोर्ड झाले, आणि नाव फळीवरून तिच्याभोवती बसणाऱ्यांकडे गेले. १८३४ च्या कायद्याने इंग्लंडात गरीबखान्यांवर अशीच बोर्डे नेमली गेली. ज्या शब्दाचा अर्थ एके काळी भरलेले ताट असा होता, तोच आता भुकेल्याच्या वाट्याची पेज किती, हे ठरविणाऱ्यांचा वाचक बनला. शब्दांच्या इतिहासात याहून क्रूर वळण क्वचितच आढळेल.

हिंदुस्थानच्या वाट्यास हा शब्द प्रथम सत्ताधारी म्हणूनच आला. पिटच्या १७८४ च्या कायद्याने कंपनीच्या येथील कारभारावर लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ बसविण्यात आले. ते १८५८ पर्यंत टिकले. मुंबईत १८४० साली ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ स्थापन झाले; जगन्नाथ शंकरशेट त्याचे सभासद होते. १८८४ च्या कायद्यानंतर इलाख्यात लोकल बोर्डे आली, आणि हा शब्द खेडोपाडी पोहोचला. दुकानावरील पाटीही बोर्ड झाली. पुढे शालान्त परीक्षेच्या गुणवत्ता यादीत झळकलेला मुलगा ‘बोर्डात आला’ असे घरोघर कौतुकाने सांगत आणि पेढे वाटत. त्यात ना फळी उरली होती, ना जेवण.