गल्लीतल्या पाच पोरांची तबकडी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा मुलगा इंजिनीअरिंगला असताना एका दुपारी त्यानं माझ्या कानात इअरफोन खुपसला आणि म्हणाला, "अब्बा, फक्त अडीच मिनिटं. आवडलं नाही तर काढून टाका." माझा कान गझल-कव्वालीवर पोसलेला. पुढं धडाधड गिटार, त्यावर थरथरणारा, जरासा किनरा, घायकुतीला आलेला एका पोराचा आवाज. शब्द मला निम्मे कळले. एक मुलगी रस्त्यानं जाते आणि याचा जीव खालीवर होतो, एवढंच. मी इअरफोन काढला नाही. "कुठली पोरं ही?" मी विचारलं. तो म्हणाला, "डेरीची." गाव ऐकलं आणि मी चमकलो.

उत्तर आयर्लंडमधलं हे डेरी. प्रोटेस्टंट त्याला लंडनडेरी म्हणतात, कॅथलिक नुसतं डेरी. म्हणजे गावाचं नाव घेतलं की माणसाचा धर्म कळतो. असली गावं आपल्यालाही नवीन नाहीत. ३० जानेवारी १९७२ रोजी याच गावात नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश लष्करानं गोळीबार केला. १३ माणसं त्याच दिवशी गेली, १४ वा जखमी नंतर गेला. ही माणसं निरपराध होती हे ब्रिटिश सरकारनं २०१० साली, चौकशी अहवाल आल्यावर, संसदेत कबूल केलं. मधे ३८ वर्षं गेली!

गोळीबार झाला तेव्हा ही पोरं शाळेत होती. जॉन आणि डेमियन हे ओनील भाऊ, मायकल ब्रॅडली, बिली डोहर्टी आणि गाणारा फर्गल शार्की. पाचही कॅथलिक घरांतली. अमेरिकेत रामोन्स नावाच्या चौघांनी १९७६ साली अर्ध्या तासात १४ गाणी बसवलेली तबकडी काढली होती. ती यांनी ऐकली. तीन सूर येत असले तरी गाणं करता येतं, हा तिचा धडा. पंकचा धसमुसळेपणा आणि चटकन ओठांवर बसणारी चाल, या मिश्रणाला पुढं पॉप-पंक म्हणू लागले. पोरांनी आपल्या चमूचं नाव ठेवलं 'अंडरटोन्स' आणि गावातल्या एका गुत्त्यात गाऊ लागले. गुत्त्याचं नाव होतं 'कॅसबा'. आता गंमत बघा, शब्द आपल्या कसब्याचाच. अरबीतून एक पुण्यात पेठ होऊन बसला आणि एक डेरीत गुत्ता होऊन.

जून १९७८ मध्ये बेलफास्टच्या एका तबकडी-दुकानदारानं, टेरी हूली त्याचं नाव, त्यांची चार गाणी मुद्रित केली आणि मग ती काढली. खर्च दोनशे पौंडांच्या आसपास. त्यातलं 'टीनएज किक्स' सप्टेंबरमध्ये बीबीसीच्या जॉन पीलनं रात्रीच्या कार्यक्रमात वाजवलं. संपल्यावर त्यानं ते लगेच पुन्हा वाजवलं. नभोवाणीवर बोलणाऱ्या माझ्यासारख्याला यातलं धाडस कळतं. इथं प्रत्येक मिनिटाचा हिशेब असतो! पील २००४ साली वारला. त्याच्या थडग्यावर याच गाण्यातली एक ओळ कोरलेली आहे. श्रोत्यानं यापेक्षा अधिक काय दाद द्यायची?

मग अमेरिकेतल्या 'सायर' कंपनीनं, म्हणजे रामोन्सच्याच कंपनीनं, करार केला आणि मे १९७९ मध्ये पहिली मोठी तबकडी आली. तिचं नावही 'द अंडरटोन्स'. १४ गाणी, जेमतेम अर्धा तास. आणि ज्या गाण्यानं नाव झालं ते 'टीनएज किक्स' तीत नाहीच! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वेष्टन बदलून, ते गाणं घालून ती पुन्हा काढली. मे महिन्यात पैसे मोजलेल्यांनी काय करायचं, ते कंपन्यांना विचारायचं नसतं. तरीही ब्रिटनच्या विक्रीयादीत ती १३ व्या क्रमांकापर्यंत गेली. शेवटचं गाणं त्या कसब्यावरचं, मिनिटभराचंही नाही.

इंग्लंडच्या श्रोत्यांना ती आवडली, आणि तिथंच वादही सुरू झाला. डेरीची पोरं, आणि गाणी कशावर? उन्हाळा आला, मुलगी भाव देत नाही, मासिकातल्या मॉडेलसारखं दिसावंसं वाटतं. बॉम्ब कुठं आहेत? सैनिक कुठं आहेत? काही टीकाकारांना हे पळपुटेपण वाटलं. पोरांचं उत्तर साधं होतं. ते सगळं रोज दाराबाहेर उभं आहे, गाण्यात तरी त्यातून सुटू द्या. पुढच्या वर्षीच्या तबकडीचं पहिलंच गाणं त्यांनी 'चॉकलेट आणि मुलींवरची आणखी गाणी' अशा अर्थाच्या नावाचं केलं. म्हणजे चिडवणाऱ्यांना चिडवलं.

त्याच वर्षी, फेब्रुवारी १९७९ मध्ये, बेलफास्टच्या 'स्टिफ लिटल फिंगर्स' या चमूची पहिली तबकडी आली होती. तीत बॉम्ब होते, काटेरी तारा होत्या. ती १४ व्या क्रमांकापर्यंत गेली. त्यांची काही गाणी एका पत्रकाराच्या मदतीनं लिहिलेली. झालं, यांच्यावर आरोप आला की तुम्ही दंगलींचा बाजार मांडलात. मला हे दोन्ही चमू आपले वाटतात. बेलफास्टवाल्यांचा राग खोटा नव्हता, एवढं मी ऐकून सांगतो.

आता मी चमकलो का, ते सांगतो. १९९३ साली, मुंबईच्या दंगलींनंतर, शेजारच्या तालुक्यात एका कविसंमेलनाला मला बोलावलं. मी विशीतला. आमच्या मोहल्ल्यातल्या पेरूच्या झाडावरची कविता वाचली. कार्यक्रमानंतर एक वयस्कर सद्गृहस्थ पाठीवर हात ठेवून मायेनं म्हणाले, "छान आहे हो, पण तुमच्याकडून आज ती दुसरी कविता ऐकायची होती." ती दुसरी म्हणजे कुठली, हे त्यांना सांगावं लागलं नाही. पुढं काही वर्षांनी ती दुसरीही लिहिली. तेव्हा आमच्याच मोहल्ल्यातल्या एकानं विचारलं, "आता आमची दुखणी विकणार का, भाईजान?"

म्हणून ती डेरीची तबकडी मी नंतर अख्खी ऐकली, एकदा नव्हे, अनेकदा. तीत 'जिमी जिमी' नावाचं गाणं आहे. (आपल्या हिंदी सिनेमातलं नव्हे, हे मुलानं बजावून सांगितलं.) चाल नाचरी, टाळ्या वाजवाव्यात अशी. एक गुणी पोरगा असतो, आईचा लाडका. एके दिवशी तो नाहीसा होतो. त्याला घेऊन गेलेली ॲम्ब्युलन्स कुणीच पाहिलेली नसते. बस्स, इतकंच. त्याला काय झालं होतं, गाणं सांगत नाही. पण डेरीत १९७९ साली ॲम्ब्युलन्स हा शब्द ऐकणाऱ्याच्या कानात काय काय वाजत असेल! टीकाकार बॉम्ब शोधत होते, आणि ॲम्ब्युलन्स त्यांच्यासमोरून नाचत निघून गेली.

अंडरटोन्स १९८३ साली फुटले. फर्गलशिवाय बाकीचे चौघे १९९९ पासून नव्या गायकाला घेऊन पुन्हा वाजवू लागले. मायकल ब्रॅडली डेरीच्या बीबीसी केंद्रावर कार्यक्रमांचा निर्माता झाला, हे वाचून मला फार बरं वाटलं.

आणि ती पेरूची कविता. परवा जुन्या वहीत सापडली. झाडाखालच्या बाकावर राखीव दलाचा एक जवान बसला आहे, बंदूक मांडीवर, आणि पोरं त्याच्यासाठी पेरू पाडताहेत. दुसऱ्याच कडव्यात आहे तो. त्या सद्गृहस्थांनी ऐकला नसावा.