मासे ठणठणीत, मग कोरल आणि गोगलगायी का मरतायत? घरातल्या छोट्या खाऱ्या टँकमध्ये नेमकं काय बिघडतं

नागपूरहून समृद्धी महामार्गाने निघालात तर ७०१ किलोमीटर संपल्यावर ठाणे जिल्हा लागतो. समुद्र त्याच्याही पुढे. तरीही प्रताप नगरातल्या एखाद्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ६० लिटरचा समुद्र मांडता येतो. पाकिटातलं सागरी मीठ, आरओचं पाणी, निळसर एलईडी, दोन क्लाऊनफिश, मऊ कोरलचे चार तुकडे, एक लाल-पांढरी कोळंबी आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी. डिसेंबरात लावलेला टँक मार्चपर्यंत छान चालतो. रील्सवर लाइक्स येतात.

मग एप्रिल उजाडतो. कोरल दुपारी मिटलेलं दिसतं आणि संध्याकाळीही उघडत नाही. एक गोगलगाय उलटी पडलेली सापडते. कोळंबी दोन दिवस दिसतच नाही. मासे मात्र मजेत पोहतायत, खाताहेत. त्यामुळे पाणी चांगलंच असणार असं वाटतं, आणि माणूस दुकानातून ‘कोरल बूस्टर’ची बाटली घेऊन येतो. चूक इथेच होते.

आधी कोण मेलं?

मासे पाण्यातले बदल बऱ्यापैकी सोसतात. कोळंबी, गोगलगाय, तारामासा, समुद्रफूल आणि कोरल या पाठीचा कणा नसलेल्या जीवांना ते जमत नाही. आजूबाजूच्या पाण्याचा खारटपणा बदलला की त्यांच्या अंगातल्या पाण्याचाही बदलतो. म्हणून ‘मासे बरे आहेत’ हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नाही. उलट कोण आधी आजारी पडलं यावरून कारणाचा अंदाज बांधता येतो.

मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन किंवा अमोनियाचा प्रश्न आहे. मासे ठीक, पण कोळंबी आणि गोगलगायी एक-दोन दिवसांत पटापट गेल्या, तर विषाचा संशय घ्या: तांबं किंवा कीटकनाशक. बाकी सगळे ठीक आणि फक्त कोरल फिकट पडत पांढरं होतंय, तर उष्णता किंवा प्रकाश. सगळंच हळूहळू, आठवड्यागणिक मलूल होत असेल तर बहुतेक वेळा खारटपणा सरकलेला असतो.

एक खबरदारी. कोळंबी मेली असं वाटून अनेक जण घाबरतात, पण ती कात टाकते. पडलेली कात पोकळ आणि पारदर्शक असते. मेलेली कोळंबी भरीव, अपारदर्शक, गुलाबीसर होते. गोगलगाय बाहेर काढून वास घ्या. मेलेल्या गोगलगायीच्या वासाबद्दल शंका राहत नाही. तिला लगेच काढा, कारण ६० लिटरमध्ये एक सडलेली गोगलगायही अमोनिया वाढवायला पुरते.

विदर्भाच्या उन्हाळ्याचं गणित

पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वाचायला सोपं वाटतं, पण छोट्या टँकमध्ये सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं.

समुद्राच्या पाण्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. ६० लिटरच्या टँकमधून ३ लिटर पाणी उडालं की हा आकडा ३६.८ वर जातो. ६ लिटर उडालं की जवळपास ३९. नवतपाच्या कोरड्या हवेत, वर पंखा सोडलेला असेल तर, हे काही दिवसांत होतं. आता रविवारी आठवण आल्यावर सहा लिटर गोडं पाणी एकदम ओतलं तर खारटपणा काही मिनिटांत धाडकन खाली येतो. कोरलच्या दृष्टीने हा दुसरा धक्का. त्यामुळे उडालेलं पाणी रोज थोडं थोडं भरावं लागतं. काचेवर स्केचपेनने रेघ मारून ठेवली तरी काम भागतं.

याहून वाईट चूक म्हणजे कमी झालेलं पाणी खाऱ्या पाण्याने भरणं. रोज २ लिटर खारं पाणी घातलं तर आठवड्यात टँकमध्ये ४९० ग्रॅम जादा मीठ जातं आणि ३५ चा आकडा ४३ च्या वर पोहोचतो. गोगलगाय शंखात शिरून बसते ती बाहेर येत नाही. कोळंबीची कात अर्धवट अडकते आणि ती मरते. मग आयोडीन कमी पडलं म्हणून आणखी एक बाटली येते.

खारटपणा मोजायचं साधनही तपासायला हवं. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं. देशभर बातम्या झाल्या आणि मग हवामान विभागाने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. टँकमध्येही हेच होतं. काटा असलेल्या स्वस्त हायड्रोमीटरला हवेचे बुडबुडे चिकटले की तो चुकीचा आकडा दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तो अधूनमधून जुळवून घ्यावा लागतो.

उष्णता

कोरलच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि कोरलला पुरवतं. पाणी जास्त तापलं की ही भागीदारी मोडते. शैवाल बाहेर पडतं, रंग जातो आणि पांढरा सांगाडा दिसू लागतो. यालाच ब्लीचिंग म्हणतात. समुद्रातही नेमकं हेच होतं. नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा फक्त १ अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली तरी पुरतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या प्रवाळांचं मोठं ब्लीचिंग झाल्याची नोंद केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केली होती. पांढरं झालेलं कोरल लगेच मेलेलं नसतं. वेळीच परिस्थिती सुधारली तर ते सावरू शकतं.

घरच्या टँकसाठी २४ ते २७ अंश ही सुरक्षित पट्टी आहे. मे महिन्यात बंद घरात ती सहज ओलांडली जाते. चिलर महाग असतो. पण पाण्यावर तिरका छोटा पंखा सोडला तर तापमान दोन-तीन अंश उतरतं. वाळ्याच्या ताट्यांचा कुलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर. अर्थात बाष्पीभवन वाढतं, म्हणजे पाणी भरण्याची शिस्त आणखी कडक हवी. पावसाळ्यात हवा दमट झाली की ही युक्ती कमी चालते. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी ते रात्री लावले तरी फरक पडतो. बर्फ टाकू नका. आणि नवा एलईडी आणला असेल तर पहिल्याच दिवशी पूर्ण क्षमतेने लावू नका, त्या झटक्यानेही कोरल फिकट पडतं.

उन्हाळी वादळात लाइट गेली तर दोन-तीन तासांत ऑक्सिजन घसरू लागतो. गरम पाण्यात तो आधीच कमी विरघळतो. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा.

घरातलं विष

नागपूरला पाणी पेंच प्रकल्प आणि कन्हान नदीतून येतं. शुद्धीकरणात क्लोरीन वापरलं जातं. ते माणसांसाठी ठीक, टँकसाठी नाही. म्हणून लोक स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घेतात. इथे दोन अडचणी आहेत. बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे गाळलेल्या पाण्यात थोडं न गाळलेलं परत मिसळलं जातं. टँकसाठीच्या पाण्याचा टीडीएस शून्याजवळ हवा. खिशात मावणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो.

दुसरी अडचण जास्त घातक आहे. हल्ली अनेक प्युरिफायर पाण्यात मुद्दाम तांबं सोडतात आणि त्याचीच जाहिरात करतात. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याची आपली जुनी सवय कोळंबीसाठी मात्र जीवघेणी. संत्र्याच्या बागेत डिंक्यावर बोर्डो मलम लावणाऱ्यांना मोरचूद बुरशीला काय करतं ते माहीत असतं. तेच तांबं अगदी थोड्या प्रमाणातही कणाहीन जीवांना मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरची कित्येक औषधंही तांब्याचीच असतात. बाटलीवर मासे सुरक्षित असं लिहिलेलं असतं, आणि ते खरंही असतं. पण दगड आणि वाळू हे तांबं शोषून ठेवतात आणि नंतर सोडत राहतात. म्हणून माशाला औषध द्यायचं तर वेगळ्या भांड्यात.

डास हा तिसरा संशयित. डेंग्यूच्या दिवसांत होणारी धुरळणी, मच्छर मारायचा स्प्रे, झुरळांचं औषध यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. कोळंबी आणि खेकडे हे कीटकांचे दूरचे नातेवाईक, त्यामुळे हे विष त्यांना फार लवकर लागतं. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो हे कुणाच्या लक्षात येत नाही. धुरळणीची गाडी आली की खिडक्या लावा, टँक झाका आणि पंप थोडा वेळ बंद ठेवा.

आज काय करायचं?

आधी मोजा. तापमान, खारटपणा, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, आणि शक्य असेल तर क्षारता व तांबं. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत. क्षारता ८ ते ९ डीकेएचच्या आसपास स्थिर हवी. नायट्रेट ५ ते १० असेल तर मऊ कोरलला त्रास नाही, ते पूर्ण शून्य करायच्या मागे लागू नका. टँक लावून दोन महिनेही झाले नसतील तर अमोनियावर पहिला संशय घ्या, कारण घाण पचवणारे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात.

मग मेलेलं सगळं काढा आणि २० ते २५ टक्के पाणी बदला. नवं पाणी आदल्या दिवशी मीठ मिसळून, पंपाने फिरवून ठेवलेलं असावं. त्याचं तापमान आणि खारटपणा टँकशी जुळवा. खारटपणा खूप चढला असेल तर एका दिवसात उतरवू नका, तीन-चार दिवस घ्या. फिल्टरमध्ये ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन टाका. खाणं निम्मं करा. ज्याची चाचणी केली नाही ते द्रव्य पाण्यात घालू नका. ६० लिटरमध्ये मऊ कोरलसाठी दर आठवड्याचं १० टक्के पाणी बदलणं बहुतेक वेळा पुरतं.

चिडून दगड उकळवायला मात्र जाऊ नका. झोअँथस गटातल्या काही कोरलमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अत्यंत तीव्र विष असतं. असे दगड उकळल्यावर किंवा घासल्यावर निघालेल्या वाफेने आणि तुषारांनी परदेशात अख्खी कुटुंबं रुग्णालयात दाखल झाली आहेत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ते हाताळू नका.

मेलेल्या कोरलच्या जागी नवं आणताना कायदाही पाहावा लागतो. खडक बांधणारी सगळी कठीण कोरल, काळं प्रवाळ, सी फॅन हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला डायव्हिंग करताना तोडून आणलेला तुकडा हा गुन्हाच. परदेशी कठीण कोरलवर सायटीस कराराचे निर्बंध आहेत, त्यामुळे विक्रेत्याकडून आयातीची कागदपत्रं मागून घ्या.

खरेदीची घाई तशीही नकोच. दोन ते तीन आठवडे आकडे जागचे हलले नाहीत, तांब्याची चाचणी कोरी आली, उरलेलं कोरल रोज दुपारी नीट उघडतंय, तेव्हा एकच गोगलगाय आणा. पिशवीतल्या पाण्यात बारीक नळीने टँकचं पाणी थेंब थेंब सोडत तासभर तिला जुळवून घेऊ द्या, मग आत सोडा. आठवड्यानंतरही ती काचेवर फिरत असेल तर कोळंबीचा विचार करा.