गुडाखू, जुराक आणि फळांचा धूर

जुलाब हा शब्द मूळचा गुलाबाचा. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. प्रमाण अरबीत ‘ग’ हा उच्चार नाही, तेव्हा अरबांनी त्याचं ‘जुलाब’ केलं. हकीम लोक पोट साफ करायची कडू औषधं गुलाबाच्या गोड पाकातून देत. पाकाचं नाव औषधाला लागलं, मग औषधाच्या परिणामालाही. फारसी ‘गौहर’ याच दारातून आत गेला आणि ‘जौहर’ होऊन बाहेर पडला. त्याचं अनेकवचन जवाहिर, आणि त्यातूनच मराठीतले जव्हेरी आले.

ग-जचा हा फेर तंबाखूच्या इतिहासात फार कामाला येतो. सौदी अरेबियात हुक्क्याचा तंबाखू तीन प्रकारचा मानतात. नुसत्या पानाचा तो तुंबाक, मधाळ तो मुअस्सल आणि तिसरा जुराक. जुराकमध्ये तंबाखूबरोबर उसाची काकवी, कुटलेली फळं, मसाले आणि सुगंधी तेलं असतात, आणि हा प्रकार हिंदुस्थानी वळणाचा म्हणून ओळखला जातो. आता हिंदुस्थानात याच जातीचं मिश्रण कोणत्या नावानं विकलं जात होतं? मराठीत गुडाखू, हिंदीत गुड़ाकू. ‘ग’चा ‘ज’ करा. ‘ड़’ परक्या कानाला जसा ऐकू येतो तसा ‘र’ लिहा. शेवटचा ‘उ’ अरबाला विभक्तीचा वाटतो आणि बोलताना तो गाळतो, तसा गाळा. गुड़ाकू, गुराकू, जुराक.

ही एवढी व्युत्पत्ती पटली, तर आजच्या व्हेपच्या बाटलीतल्या आंबा-तंबाखूची वंशावळ वेगळीच निघते.

ती वंशावळ सहसा अशी सांगतात: होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञानं 2003 मध्ये ई-सिगारेट बनवली. त्याच्या कितीतरी आधी, 1965 मध्ये, हर्बर्ट गिल्बर्ट या अमेरिकन माणसाला धुराविना सिगारेटचं पेटंट मिळालं होतं. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि स्वादाचे अर्क एकत्र करून घरच्या घरी द्रव बनवणारे हौशी पुढे जगभर झाले. धुरकट तंबाखूच्या स्वादावर सफरचंद, पीच किंवा आंबा चढवणं ही त्यांच्यातली मानाची कसोटी, कारण फळ जास्त झालं की तंबाखू हरवतो आणि धुरकटपणा वाढला की फळ करपल्यासारखं लागतं. ही फळांची आवड आली शिशातून, म्हणजे अरबी हुक्क्यातून, आणि शिशात ती आली 1990 च्या दशकात अरब देशांतून पसरलेल्या कारखानी मुअस्सलमधून. इथे सगळ्यांची गोष्ट थांबते. मुअस्सलच्या आधी अरबांच्या हुक्क्यात फळ घालणारा जुराक होता, त्याच्याकडे कुणी वळून बघत नाही.

गुडाखूच्या पोटात शिरायचं तर आधी त्याच्या नावाचा निकाल लावायला हवा, कारण नावावर तीन दावेदार आहेत.

पहिला दावा गुडगुडीचा. हुक्क्याच्या पाण्यातून धूर येताना गुडगुड आवाज होतो, म्हणून यंत्राचं नाव गुडगुडी आणि त्यात भरायचा तो गुडाखू. ऐकायला झकास, पण ‘आखू’ या शेपटाचं काय करायचं, याचं उत्तर आवाजातून मिळत नाही. दुसरा दावा पंडिती आहे. संस्कृतात गुडाका म्हणजे झोप, गुंगी. ती जिंकणारा म्हणून अर्जुन गुडाकेश. गुंगी आणणारा तो गुडाखू, असं कुणी जुळवून दाखवील. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतांतून उतरलेल्या पानाला बाजारातल्या दुकानदारांनी गीतेतला शब्द दिला असेल, हे पटणं कठीण. तिसरा दावा साधा आहे आणि तोच टिकतो: गुड अधिक तमाखू. मधला ‘तम’ घासला गेला, दोन्ही टोकं उरली. ज्या वस्तूचे मुख्य घटक दोन, तिच्या नावात ते दोन्ही सापडतात.

यात एक अडचण मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मराठी माणूस गुड म्हणत नाही, गूळ म्हणतो. शब्द मराठी घरात जन्मला असता तर तो ‘गुळाखू’ झाला असता. म्हणजे तो मराठीत बाहेरून आला. कुठून? सगळे उत्तरेकडे बोट दाखवतील, आणि बंगाल-ओडिशापर्यंत हा शब्द पसरलेला पाहता त्यांचं बोलणं वजनदार आहे. पण गुड म्हणणारी एक बोली मराठीच्या घरालगतच नांदत होती, ती म्हणजे दखनी. विजापूर, बीदर, औरंगाबाद, हैदराबाद इथल्या बाजारांची भाषा. तंबाखू उत्तरेच्या दरबारात पोचला तोही दख्खनेतूनच.

तो प्रसंग प्रसिद्ध आहे. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. परतताना त्यानं तिथून तंबाखू आणि रत्नजडित नळीचा सरंजाम नेला आणि 1604 च्या सुमारास बादशहापुढे ठेवला. हकिमांनी नाकं मुरडली. बादशहानं थोडे झुरके घेतले. 1617 मध्ये जहांगीरनं बंदी घातली आणि ती कुणी पाळली नाही. हुक्का अकबराच्या दरबारातल्या हकीम अबुल फतह गिलानीनं शोधला, असं सर्रास लिहिलं जातं. तो 1589 मध्ये वारला, म्हणजे असद बेगची भेट येण्याच्या पंधरा वर्षं आधी. पाण्यातून धूर ओढायची युक्ती तर तंबाखूहून जुनी असावी. इथिओपियातल्या लालिबेला गुहेत चौदाव्या शतकाच्या सुमाराच्या चिलमी मिळाल्या, त्यांत गांजाचे अंश होते.

असद बेगच्या हकिगतीत एक वाक्य असं आहे की ते जुराकच्या तर्काच्या मुळावरच येतं. हे काय आहे, असं बादशहानं विचारल्यावर खान-ए-आझम मिर्झा अझीझ कोका म्हणाला की हा तंबाखू, मक्का-मदिनेत चांगलाच माहीत आहे. कोका 1593 मध्ये स्वतः हजला गेला होता, त्यामुळे ही ऐकीव गोष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. मग अरबांना तंबाखू आपल्याकडून कशाला शिकायला हवा होता? उत्तर असं की तंबाखू वेगळा आणि गुडाखू वेगळा. पान त्यांना इस्तंबूलकडून मिळालं असेल, इराणकडून मिळालं असेल. पानात गूळ मळून त्यात फळ कुजवायची कला मात्र उसाच्या मुलखात जन्मायला हवी. इजिप्तमध्ये ऊस होता, अरबांकडे खजुराचा पाक होता, हेही खरं. तरीही त्यांनी स्वतःच्या पाकावर स्वतःचं मिश्रण केलं असतं, तर त्याला हिंदुस्थानी का म्हटलं असतं?

गुडाखूची कृती म्हणजे गुऱ्हाळाचा पुढचा अंक. जाड, कडक पानाचा तंबाखू कुटायचा, त्यात गूळ किंवा काकवी मळायची. उंची मालात केळी, फणस, बोरं, सफरचंद, अननस यांचा गर, शिवाय चंदन, वेलची, जटामांसी. सगळं मडक्यात भरून तोंड बांधायचं आणि आठवडेच्या आठवडे मुरत ठेवायचं. या आंबवलेल्या मालाला खमीरा म्हणत, शब्द खमीरचा, म्हणजे आंबवणाचाच. लखनौनं खमीऱ्याला नवाबी नखरा दिला, म्हणून फळांच्या तंबाखूचं सगळं श्रेय लखनौला देण्याची पद्धत पडली आहे. ती बदलायला हवी. लखनौचा थाट अठराव्या शतकातला. विजापूरच्या बाजारात तंबाखू त्याच्या दीड शतक आधी रुळला होता. फळ आलं असेल ते थाटासाठी नव्हे, गरजेपोटी. नुसत्या गुळाचा गोळा उन्हाळ्यात दगडासारखा होतो. पिकून फुटायला आलेल्या केळ्याचा गर त्याला मऊ ठेवतो. वास छान येतो, हे मागाहून कळलं असणार.

आणि आता हिंगोली, कारण हा माल अरबांच्या हाती कसा लागला याचं उत्तर तिथे दिसतं. हा जिल्हा परभणीतून वेगळा झाला 1 मे 1999 रोजी, पण त्याचं मुख्य गाव एकोणिसाव्या शतकात निजामाच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं. छावणी म्हणजे सदर बाजार, आणि सदर बाजार म्हणजे तंबाखू. याच बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा प्रतिष्ठित व्यापारी होता, ज्याच्याकडून गोरे अधिकारी माल घेत. तो ठगांचा जमादार निघाला. मुंबईहून येणाऱ्या एका व्यापाऱ्याला माणसांसकट मारून, त्याचाच माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणून त्यानं उघड विकला. इंग्रज अधिकारी मेडोज टेलरनं 1839 च्या आपल्या ठगांवरच्या कादंबरीच्या प्रस्तावनेत ही हकिगत दिली आहे. त्या कादंबरीत गळा आवळायची ठगांची खूण आहे ‘तंबाखू लाओ’, म्हणजे तंबाखू आण. ती खूण चालायची, कारण वाटेवर भेटलेल्या अनोळखी माणसानं तंबाखू काढणं यापेक्षा निर्धोक गोष्ट त्या काळी दुसरी नव्हती.

जुराकच्या दृष्टीनं हरिसिंगपेक्षा महत्त्वाचे आहेत ते चाऊस. हद्रामौतमधून, म्हणजे येमेनच्या दक्षिण किनाऱ्याकडून, अरब शिपाई निजामाच्या आणि जमीनदारांच्या नोकरीत आले, आणि त्यांचे वंशज चाऊस आडनावानं आजही हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये राहतात. 1819 च्या जानेवारीत याच पट्ट्यातल्या नोव्ह्याच्या गढीला कंटिन्जंटनं वेढा घातला, तेव्हा हटकरांच्या नोवसाजी नाइकांच्या बाजूनं लढणाऱ्यांत अरब होते. ही माणसं वर्षानुवर्षं दख्खनेत राहत, दखनी बोलत आणि गावाकडे, हद्रामौतच्या मकल्ला बंदराकडे परत जात. नोकरीत लागलेली सवय, तिचं नाव आणि तिचा माल एकाच गाठोड्यात बांधून नेणारी अशी माणसं दुसरी कोण?

सुरत आणि मुंबईचे हाजी, हे यावरचं पाठ उत्तर. संख्येच्या हिशेबानं ते बरोबरही आहे, कारण हाजींची जहाजं दरवर्षी जात. पण हाजी आपला तंबाखू स्वतःच ओढतो. तो यजमानांच्या भाषेत नवा शब्द पेरतोच असं नाही. शब्द रुजतो तो घरी परतलेल्या माणसाच्या तोंडून. ‘ड़’चा ‘र’ आणि ‘ग’चा ‘ज’ हा झीज झालेला उच्चार अरबाच्याच तोंडचा आहे. म्हणून कौल चाऊसांकडे.

रसायनशास्त्रानं या नात्याला आणखी एक धागा दिला आहे. केळ्याचा वास मुख्यतः आयसोअमाइल ॲसिटेटचा, अननसाच्या वासात इथाइल ब्युटिरेट. ही एस्टर नावाची संयुगं आहेत, आणि फळ आंबताना यीस्ट तसलीच संयुगं तयार करतं. खमीऱ्याच्या मडक्यात जे आपोआप घडायचं, ते आता अर्काच्या बाटलीतून येतं. धुरकटपणाचंही तसंच. काहिलीत रस आटताना साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांशी भिडतात आणि पायराझिन गटाची खरपूस वासाची संयुगं बनतात. व्हेपमधला तंबाखूचा स्वाद उभा करायला वापरतात ते ॲसिटाइल पायराझिन याच गटातलं. हौशी लोक मिसळलेला द्रव अंधारात आठवडेभर मुरत ठेवतात, लोणच्यासारखा.

गोडव्यानं विष कमी होत नाही. हुक्क्याच्या पाण्यातून धूर थंड होतो, गाळला जात नाही; निखाऱ्याचा कार्बन मोनॉक्साइड सरळ छातीत जातो. व्हेपच्या बाबतीत अमेरिकेनं 2019 मध्ये त्याची किंमत मोजली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 जण फुप्फुसाच्या इजेनं इस्पितळात गेले किंवा दगावले, मृत्यू 68 झाले, आणि मुख्य संशय गेला तो द्रवात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर. खाण्यात चालणारा पदार्थ वाफ करून ओढला की चालेलच असं नाही, हे घरगुती मिसळणाऱ्याला बाटलीवरून कळत नाही. महाराष्ट्रानं हुक्का पार्लरांवर 2018 मध्ये बंदी आणली. त्याआधी, डिसेंबर 2017 मध्ये, मुंबईच्या कमला मिल आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले होते आणि अग्निशमन दलानं हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं होतं. ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, आयात आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आली 2019 च्या कायद्यानं. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

गुडाखू मायदेशी उरला आहे तो वेगळ्याच रूपात. छत्तीसगड, ओडिशा, बंगालकडे तो मशेरीसारखा दातांना लावतात. छोट्या डबीतला काळा लगदा, त्यात फळ नाही. 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं मनाई केली, तरी गुडाखू तंबाखू म्हणून विकला जातोच. फळ टिकलं ते समुद्रापार गेलेल्या जुराकमध्ये. त्या प्रवासाचा पुरावा शोधायचा तर एडन, मकल्ला आणि जेद्दाला जाणाऱ्या जहाजांच्या मालाच्या जुन्या याद्या चाळायला हव्यात. मुंबईच्या धक्क्यावर चढताना गुड़ाकू लिहिलेला डबा पलीकडच्या जकातवहीत जुराक म्हणून उतरलेला सापडला, की लखनौवाल्यांशी पुन्हा बोलता येईल.