गाडीची खोळ

आमच्या मिरजेच्या घरामागे पत्र्याची एक शेड आहे. तिथे अब्बांचे शिलाई मशीन असे. अब्बा आधी टांग्यांचे हूड शिवत, पुढे रिक्षांचे शिवू लागले आणि फियाट गाड्यांच्या सीटही करू लागले. रेक्झिनच्या वासात मी लहानाचा मोठा झालो. बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, पण तो वास काही नाकातून गेला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच शेडमध्ये माझ्या भाच्याने त्याच्या वडिलांची मारुती ८०० आणून लावली आणि म्हणाला, "मामू, हिला मी घरीच रॅप करणार."

रॅप म्हणजे रंग नव्हे, हे त्याने मला समजावले. रंगीत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा गाडीच्या अंगभर चिकटवायचा. जूनमध्ये शाळा उघडली की आपण पुस्तकांना खाकी कागदाची कव्हरे घालायचो, तसेच. फरक एवढाच की पुस्तकाला चार कोपरे असतात, आणि गाडीला कोपरा म्हणावा असा एकही नसतो. सगळी वळणेच.

माझ्या बहिणीला हे मुळीच पसंत नव्हते. गाडी दूल्हाभाईंनी १९९६ साली घेतली होती, लाल रंगाची. ते जाऊन तीन वर्षे झाली. उन्हाने बॉनेटचा लाल रंग पेरूच्या गरासारखा फिका पडला आहे, पण तो त्यांनी निवडलेला रंग. आणि मुलगा मॅट काळ्याचा हट्ट धरून बसलेला. "त्यांचा रंग झाकायचा नाही," एवढेच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

हा वाद ऐकताना मला प्रश्न पडला, गाडीचा रंग मुळात ठरवतो कोण? मालक, असे आपण म्हणतो. इतिहास तसे सांगत नाही. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा ती करड्या, हिरव्या, लाल अशा रंगांत मिळत असे. १९१४ ते १९२५ या काळात मात्र ती फक्त काळी मिळाली. काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ. एकोणीस वर्षांत अशा दीड कोटी गाड्या बनल्या. त्यातल्या बहुतेकांच्या मालकांना रंग विचारलाच गेला नाही.

रंगीत गाड्यांची वाट मोकळी केली ती ड्युकोने. आमच्याकडे गॅरेजवाले आणि सुतार आजही 'ड्युको मारायचा का?' असे विचारतात, तोच हा ड्युको. हे ड्यू पाँट या अमेरिकन कंपनीच्या रंगाचे नाव. त्याआधी गाडीवर वार्निशाचे हात एकावर एक ब्रशने द्यावे लागत आणि ते वाळायला आठवडे जात. ड्युको फवाऱ्याने मारता येई आणि झटपट वाळे. जनरल मोटर्सने तो ओकलंड नावाच्या गाडीवर १९२३ साली, निळ्या रंगात, बाजारात आणला. त्याच्या मुळाशी होते नायट्रोसेल्युलोज, म्हणजे कापसासारख्या धाग्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. आणि गंमत पाहा, इंग्लंडमधल्या रेक्झिन कंपनीचे मूळ रेक्झिन, ज्याचे नाव अब्बांच्या तोंडी आयुष्यभर राहिले, तेही कापडावर याच नायट्रोसेल्युलोजचा लेप देऊन बनत असे. गाडीच्या बाहेरचा रंग आणि आतली गादी ही सख्खी भावंडे होती. हे अब्बांना सांगायला हवे होते. ते हसले असते.

पुढे रेक्झिन हे नाव तेच राहिले, पदार्थ बदलला. १९२६ साली अमेरिकेत गुडरिच या रबर कंपनीत वाल्डो सेमन नावाचा रसायनशास्त्रज्ञ रबर धातूला चिकटवणारे काहीतरी शोधत होता. पीव्हीसी हे प्लास्टिक एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते, पण ते कडक आणि ठिसूळ, कुणाच्या कामाचे नव्हते. सेमनने ते द्रावकात तापवले आणि हाती आला मऊ, ताणला जाणारा, कशालाही न चिकटणारा पदार्थ. चिकटवायला गेला आणि न चिकटणारे मिळाले! तेच आजचे व्हिनाइल. आपल्याकडे रेक्झिन म्हणून विकले जाते ते बहुतेक हेच, कापडावर चढवलेले पीव्हीसी. आता पाठीला वेगळा गोंद लावून तेच धातूवर चिकटवतात, त्याला रॅप म्हणायचे. म्हणजे अब्बांचा माल आतून उठून बाहेर येऊन बसला. भावंडे पुन्हा एका घरची झाली.

गाडी संपूर्ण झाकण्याची ही रीत रुजली त्याला कारण झाल्या जर्मनीतल्या टॅक्सी. तिथे १९७१ पासून टॅक्सीला फिका हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. काही वर्षे धंदा केल्यावर ती गाडी विकायला काढली की तो रंग कुणाला नको असे. मग नव्वदच्या दशकात टॅक्सीवाल्यांनी युक्ती केली. गाडी आपल्या पसंतीच्या रंगाची घ्यायची, वर सरकारी रंगाची खोळ चढवायची, विकताना सोलून टाकायची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीला ही सोय मिळाली नाही. ती रंगासकट जगली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात रंगासकट रस्त्यावरून गेली.

तरुणांनी मात्र कधी कुणाचे ऐकलेले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोरांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जुन्या फोर्ड गाड्या घरच्या अंगणात कापून, खाली बसवून, रंगवून 'हॉट रॉड' केल्या. आपल्याकडे हे काम चौकातल्या रेडियमवाल्याने केले. मीही कॉलेजात असताना अशा एका दुकानासाठी रिक्षांवर लिहायच्या ओळी जुळवून देत असे, ओळीमागे चहा. माझे पहिले मानधन ते!

सरकारही गप्प बसत नाही. काचांवरच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंदी घातली. जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की उत्पादकाने ठरवलेले मूळ तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येणार नाहीत. गाडीच्या नोंदणीत रंगाचा रकाना असतो. म्हणून भाच्याला म्हटले, "आधी आरसी बुक काढ." त्यात लाल लिहिलेले. रंग बदलायचा तर आरटीओत अर्ज, नोंद, हेलपाटे. घरात आईचा अर्ज तर आधीच नामंजूर झालेला. पोरगा दोन दिवस घुम्यासारखा बसला आणि मग त्याने लाल फिल्म मागवली.

रोल दीड मीटर रुंदीचा. मारुती दीड मीटरच्या आतली, त्यामुळे टपावर एकच तुकडा बसतो, जोड येत नाही. स्वस्त फिल्म लाटून केलेली असते, ती ताणली की काही महिन्यांत मूळ मापाकडे परत आखडते आणि कडा उचलतात. महाग फिल्म ओतून केलेली, जेमतेम पन्नास मायक्रॉनची, ती वळणावर बसते आणि तिथेच राहते. त्याने महागाची घेतली. गाडी धुतली, स्पिरिटने पुसली, आणि हीट गनने ऊब देत, स्क्वीजी दाबत तो कामाला लागला. मला एकदम मोहरमचे दिवस आठवले. ताबुताच्या कामट्यांवर बेगड चिकटवताना आमचे चाचा असेच श्वास रोखून, मधून कडेकडे तळहात फिरवत. सुरकुती पडली की आम्हा पोरांना दटावत, जणू आम्हीच पाडली.

डाव्या दाराशी घोटाळा झाला. फिल्म वाकडी बसली म्हणून त्याने ती उचलली, तर तिच्याबरोबर रंगाची हातभर खपली निघून आली. खाली लांबी, म्हणजे पुट्टी, आणि तिच्याखाली ठोकून सरळ केलेला पत्रा. कारखान्यातला रंग असा सहसा निघत नाही, गॅरेजात मारलेला निघतो. दूल्हाभाईंनी कधीतरी गाडी कुठेतरी ठोकली होती, गुपचूप दार रंगवून आणले होते आणि घरी पत्ता लागू दिला नव्हता. बहीण बाहेर आली, वाकून बराच वेळ बघत राहिली. "नव्याण्णव साल," ती म्हणाली. "सोलापूरहून एक दिवस उशिरा आले होते. म्हणाले, काम निघालं." आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

दार घासून, नवी पुट्टी आणि रंग देऊन, नीट वाळवून मग झाकावे लागले. सगळ्या कामाला अकरा दिवस गेले. सीट मी अब्बांच्या मशीनवर शिवल्या, टाके वाकडे आले, असो. घरी केलेल्या रॅपमध्ये दारांच्या आतल्या कडा कुणी झाकत नाही, फार किचकट काम. म्हणून दार उघडले की उंबऱ्याशी १९९६ चा लाल दिसतो, ऊन न लागलेला. बहिणीने तो पाहिला, मग बाहेरचा पाहिला.

"हा जरा जास्तच लाल आहे," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.