सूचक की उघड? व्हिडिओ गेममधील समलिंगी पात्रांचा इतिहास

१/ १९८९ साली अ‍ॅपल मॅकिंटॉश संगणकासाठी 'केपर इन द कॅस्ट्रो' नावाचा खेळ आला. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅस्ट्रो ही समलिंगी समाजाची प्रसिद्ध वस्ती. तेथे ट्रॅकर मॅकडाइक ही लेस्बियन गुप्तहेर टेसी लाफेम या बेपत्ता ड्रॅग क्वीनचा शोध घेते. लेखिका सी. एम. राल्फ यांनी हा खेळ त्या काळच्या बुलेटिन बोर्डांवरून विनामूल्य वाटला. खेळणाऱ्याने एड्सविषयी कार्य करणाऱ्या संस्थेस देणगी द्यावी, एवढीच विनंती होती.

२/ याच खेळाची एक दुसरी आवृत्तीही आहे : 'मर्डर ऑन मेन स्ट्रीट'. ही विक्रीसाठी होती. रचना तीच, समलिंगी संदर्भ तेवढे गाळलेले. एकाच लेखिकेचे एकच काम दानासाठी उघड आणि दुकानासाठी मूक झाले.

३/ वाचकहो, ही जोडी ध्यानात ठेवावी. समलिंगी पात्रांची चर्चा निघाली की सूचक चित्रण म्हणजे कलात्मक संयम आणि उघड चित्रण म्हणजे प्रचारकी थाट, अशी सोपी वाटणी केली जाते. साधनांकडे पाहिले तर ती टिकत नाही. सूचकता ही पुष्कळदा लेखकाची अभिरुची नव्हतीच. ती बाजाराची अट होती.

४/ त्याच १९८९ साली जपानमध्ये सेगाचा 'फँटसी स्टार २' प्रकाशित झाला. त्यात उस्तवेस्तिया नावाचा एक संगीतशिक्षक आहे. आपल्या तुकडीतील कोणा एकाला त्याच्याकडून संगीत शिकवून घ्यावे लागते. पुरुष पात्र पुढे केले तर तो त्याला 'गोड दिसतो' म्हणतो आणि स्त्री पात्रांपेक्षा कमी शुल्क घेतो. इंग्रजी आवृत्तीत 'गोड'च्या जागी 'हुशार' हा शब्द आला. शुल्कातील फरक मात्र तसाच राहिला! संवाद बदलणारा हात हिशेबाच्या आकड्यांपर्यंत पोहोचलाच नाही. ताम्रपटावरील नाव खोडले, पण दानाची रक्कम तेवढी राहून गेली, तसाच हा प्रकार. मूळ जपानी संवाद ठाऊक नसलेल्या खेळाडूला ही सवलत केवळ एक चमत्कारिक गोष्ट वाटली असणार.

५/ तथापि जे उघड ते आदरपूर्वकच असते, असेही नाही. १९९४ च्या 'बेअर नकल ३' या जपानी खेळात अ‍ॅश नावाचा शत्रू होता. कातडी पोशाख, लाडिक हावभाव, सारा मसाला थट्टेचा. 'स्ट्रीट्स ऑफ रेज ३' या नावाने हा खेळ पाश्चात्त्य देशांत गेला तेव्हा अ‍ॅशला वगळण्यात आले. त्याच्या जाण्याने फारसे काही गमावले, असे म्हणवत नाही.

६/ सूचकतेचे सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण २०१३ चे : 'द लास्ट ऑफ अस'. उद्ध्वस्त अमेरिकेत बिल नावाचा एकलकोंडा माणूस सापळे लावून राहतो. फ्रँक हा आपला 'पार्टनर' होता, असे तो सांगतो. मराठीतही 'पार्टनर' म्हणजे धंद्यातला भागीदार, खोलीतला सोबती की आयुष्याचा जोडीदार, हे संदर्भावाचून कळत नाही. पुढे फ्रँकचा मृतदेह सापडतो आणि बिलविषयीच्या द्वेषाने भरलेली त्याची चिठ्ठीही. त्यानंतर एली बिलकडून पळवलेले नग्न पुरुषांचे मासिक गाडीत उघडते, तेव्हा कोडे उलगडते. पण ज्याला उलगडायचे नसेल, तो ते सहज नाकारू शकतो. येथे सूचकतेने बिलला खोली दिली, हे मान्य करावे लागते. नाकारणाऱ्याला पळवाटही तिनेच दिली.

७/ २०२३ साली एचबीओच्या मालिकेने तिसऱ्या भागात हीच दोन माणसे घेतली आणि त्यांचे अनेक वर्षांचे सहजीवन उघडपणे दाखवले. त्या भागात पळवाट नाही.

८/ आता भारताकडे वळू. नोव्हेंबर २०१४ मध्ये 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन' आला. त्यातील जादूगार डोरियन पाव्हस निःसंदिग्धपणे समलिंगी आहे. त्याच्या वडिलांनी रक्तविधीच्या जादूने त्याची वृत्ती 'बदलण्याचा' घाट घातला होता. त्या पितापुत्रांची भेट हा कथेतील अत्यंत वेदनादायक प्रसंग आहे. डोरियनला सूचक करून हा प्रसंग लिहिताच आला नसता. मुलगा वडिलांपासून का तुटला, हे शब्दांत सांगावेच लागते.

९/ हा खेळ तेव्हा भारतात विक्रीस आला नाही. प्रकाशक ईएने तो ऐन वेळी मागे घेतला. यातील तारखा महत्त्वाच्या आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कक्षेबाहेर काढले होते. बिलचा खेळ जून २०१३ मध्ये आला तेव्हा हा निकाल लागू होता. सर्वोच्च न्यायालयाने तो ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला. डोरियन आला तो त्यानंतर अकरा महिन्यांनी. ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल अजून चार वर्षे दूर होता.

१०/ कंपनीने नेमका कोणता मजकूर अडचणीचा, हे सांगितले नाही. खेळात नग्नताही होती. त्यामुळे कारण समलिंगी प्रसंगच, असे ठामपणे म्हणता येत नाही, जरी तेव्हा बहुतेकांनी तसेच मानले. निवेदन अगदी त्रोटक होते : स्थानिक कायद्यांचा भंग टाळण्यासाठी विक्री रद्द, आगाऊ नोंदणी केलेल्यांचे पैसे परत. इतक्या उघड खेळाविषयीच्या त्या निवेदनात 'समलिंगी' हा शब्द कोठेही नव्हता.